चाकरीची बातमी : मुळशी पेट्यातील शंभर वर्षे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीचा पूर्वेतिहास, कुलदैवतांची माहिती, थोर पुरुषांची चरित्रे आणि विवाहयोग्य मुलामुलींच्या याद्या दरवर्षी येतच असतात. यंदा संपादक मंडळींनी निराळी सूचना केली. नोकरी शोधण्याची आणि व्यवसाय निवडण्याची जी साधने आता आंतरजालावर, म्हणजे घरोघरीच्या मोबाइलवर, येऊन बसली आहेत त्यांविषयी काही लिहावे, अशी ती सूचना. वरवर पाहता हा विषय आजचा, इतिहासाचा नव्हे. परंतु थोडा विचार केला असता ध्यानी येते की, साधन नवे असले तरी त्यामागील प्रश्न फार जुना आहे. काम कोठे आहे ही बातमी कोणाच्या हाती असते, आणि ती गरजवंतापर्यंत कोणत्या वाटेने व कोणत्या किमतीस पोहोचते, हा तो प्रश्न होय. पिरंगुट आणि भोवतालच्या गावांतील कुटुंबांनी गेल्या शंभर वर्षांत ह्या प्रश्नाची निदान चार-पाच उत्तरे अनुभवली आहेत. त्यांचा मागोवा घेतल्यावाचून आजच्या उत्तराचे मोल कळावयाचे नाही.

शंभर वर्षांमागे आमच्या भागातील बहुतेकांपुढे नोकरी शोधण्याचा प्रश्नच मुळी उभा राहत नसे. आंबेमोहोराची खाचरे, दोन-चार गुरे, रानातला हिरडा आणि ज्याच्या त्याच्या वाट्यास आलेले बलुत्याचे काम एवढ्यावर वर्ष निघे. मुलगा काय करणार हे तो जन्मास येण्यापूर्वीच ठरलेले असे. ही व्यवस्था सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. ती ठरलेली होती, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल. आणि ज्यांच्या वाट्यास हलके मानलेले काम आले त्यांना त्यातून बाहेर पडण्यास वाव नव्हता.

ह्या ठरलेल्या जीवनास पहिला मोठा धक्का बसला तो मुळशीच्या धरणाने. टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी मुळा नदी अडविण्याचे योजिले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तो १९२४ पर्यंत निकराने चालविला. धरण झालेच. खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली, ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरले आणि त्यापासून निघालेली वीज मुंबईकडे गेली. त्या सत्याग्रहाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आपल्या विषयापुरते त्यातील एवढेच घ्यावयाचे की, ज्यांची जमीन गेली त्यांतील कित्येकांस पाण्यामागोमाग मुंबईचीच वाट धरावी लागली. त्यांच्या खाचरांवरच्या पाण्याने ज्या शहरात चाके फिरू लागली, त्याच शहरात ते पोटासाठी जाऊन उभे राहिले.

मुंबईत काम कसे मिळे? कापडगिरणीत कामगाराची भरती मालक करीत नसे, गोरा साहेबही करीत नसे. ती जॉबर करी. खात्यातील माणसे आणणे, त्यांच्याकडून काम करून घेणे आणि नको असलेल्यास काढून टाकणे हे सारे त्याच्या हाती होते. साहजिकच तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीतला माणूस आधी घेई. गिरणगावातील गाववाल्यांची खोली आणि खानावळ हीच त्या काळची नोकरीची कचेरी होती. नव्याने आलेला पोरगा तेथे वळकटी टाकी, जेवणाचे पैसे उधार ठेवी आणि जॉबराच्या कृपेची वाट पाही. ही कृपा फुकट नसे. कामावर घेताना आणि पुढेही वेळोवेळी जॉबरास दस्तुरी द्यावी लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात ह्या लाचखोरीवर कठोर टीका केली, आणि भरतीचा अधिकार जॉबराकडून काढून त्यासाठी स्वतंत्र मजूर अधिकारी नेमावा अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. तरीही जॉबराचा दरारा एकाएकी संपला नाही. कागदावरची नोंद आणि खात्यातला माणूस ह्यांच्यात अंतर उरतेच, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

ह्याच काळातील दुसरे उदाहरण अधिक गोड आहे. मुंबईचे डबेवाले जगप्रसिद्ध आहेत. परंतु ते प्रामुख्याने मुळशी, मावळ, खेड, जुन्नर ह्याच भागांतील आहेत, हे बाहेरच्यांस क्वचितच ठाऊक असते. महादेव हावजी बच्चे ह्यांनी १८९० च्या सुमारास घातलेल्या ह्या धंद्यात पुढे सुमारे पाच हजार माणसे काम करू लागली. ह्या धंद्यासाठी कधी जाहिरात निघाली नाही, अर्ज मागविले गेले नाहीत. एक जण म्हातारा झाला की गावाकडचा पुतण्या किंवा भाचा येई. त्याच्या चोखपणाची हमी आणणारा घेई. पाच हजार माणसांचा व्यवहार शतकभर चोख चालला, ह्याचे एक कारण ही हमी होय, असे मला वाटते. ओळखीने लावलेला माणूस चुकला तर ओळख देणाऱ्याची मान खाली जाते. आज ज्यास आपण वशिला म्हणून नाके मुरडतो त्याची ही उजळ बाजू.

काळी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ज्ञातिमंडळाच्या पुस्तकात ती लिहिणे मी कर्तव्य समजतो. ज्याचा मामा गिरणीत त्याला गिरणी, ज्याचा चुलता रेल्वेत त्याला रेल्वे. ज्याचे कोणीच कोठे नाही त्याने काय करावे? ज्या जातीतील माणसे आधीपासून कचेऱ्यांत बसली होती त्यांना कचेऱ्यांतील जागांची बातमी आधी लागे. ज्यांना कचेरीची पायरी चढू दिली नव्हती त्यांना ती कधीच लागत नसे. राजर्षि शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला, तो शिक्षणासाठी होता हे खरेच. परंतु वसतिगृहातील मुलाच्या कानावर आणखी एक गोष्ट पडे : कोणत्या खात्यात कोणती जागा असते, तीस काय शिक्षण लागते, अर्ज कसा लिहितात. घरी जे सांगणारे कोणी नव्हते ते त्यास सोबत्यांकडून कळे. महाराष्ट्रातील अनेक ज्ञातिसंस्थांनी पुढे हेच केले. जे अनुभवाने कळत नव्हते ते संघटनेने कळविले, असे त्या कार्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

सरकारने ह्यात लक्ष घातले ते युद्धामुळे. ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्यान्वये १९१० साली सरकारी मजूर विनिमय केंद्रे उघडली होती, पण हिंदुस्थानात अशी केंद्रे येण्यास दुसरे महायुद्ध संपावे लागले. सैन्यातून परतणाऱ्या जवानांचे काय करावे ह्या चिंतेतून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर निर्वासितांसाठी आणि १९४८ पासून सर्वांसाठी ही केंद्रे खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातील ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातले’ हे वाक्य त्या काळचे. मॅट्रिक झालेला मुलगा पुण्यास जाई, रांगेत उभा राही, कार्ड काढी आणि त्या कार्डाचे वेळच्या वेळी नूतनीकरण करी. ते कार्ड देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलेले मी अनेक घरांत पाहिले आहे.

ह्या व्यवस्थेस कायद्याचे बळ आले ते १९५९ साली. रिक्त जागा सक्तीने कळविण्याचा तो कायदा १ मे १९६० पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जन्मदिवसापासून, अमलात आला. सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्याकडील रिक्त जागा विनिमय केंद्रास कळवाव्या, असा त्याचा दंडक होता. परंतु त्याच कायद्यात असेही स्पष्ट म्हटले होते की, कळविल्यामुळे केंद्राने पाठविलेला माणूस घेतलाच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. शिवाय शेतीतील कामे, घरकाम, तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामे आणि कचेरीतील अकुशल कामे ह्यांस तो लागूच नव्हता. म्हणजे ज्यास अक्षरओळख बेताची आणि गरज सर्वांत मोठी, तोच नेमका ह्या छत्राबाहेर राहिला. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वेश्वर राव खटल्यात असे ठरविले की, सरकारी भरतीसाठी केवळ विनिमय केंद्राकडून नावे मागवून भागणार नाही. वृत्तपत्रे आदी मार्गांनीही जागा जाहीर करावी आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करावा. त्या दिवसापासून कार्डाची सद्दी ओसरू लागली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर विनिमय केंद्राचे नावही बदलून ‘करिअर सेंटर’ असे झाले आहे.

कार्डाच्या बरोबरीने वृत्तपत्र होते. १ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. परुळेकर ह्यांनी ‘सकाळ’ सुरू केला, आणि त्यातील छोट्या जाहिराती पुणेकरांच्या जीवनाचे अंग बनल्या. १९७६ पासून केंद्र सरकारचे ‘रोजगार समाचार’ हे साप्ताहिक निघू लागले. वाचनालयात त्याच्या एका प्रतीभोवती पाच-सहा डोकी वाकलेली दिसत. वृत्तपत्राचा गुण असा की ते वशिला मागत नाही. दोष असा की ते पिरंगुटास पोहोचेपर्यंत आणि अर्ज टपालात पडेपर्यंत पुण्यातला उमेदवार प्रत्यक्ष जाऊन भेटून आलेला असे.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक निराळाच मार्ग काढला, त्याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. अण्णासाहेब पाटील ह्यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाची नोंद मंडळात, कामगाराची नोंद मंडळात आणि मजुरीही मंडळामार्फत, अशी त्यात तजवीज होती. येथे काम शोधणाऱ्यास केवळ बातमी मिळाली नाही. काम, वेतन आणि भविष्य निर्वाह निधी ही तिन्ही एकाच नोंदवहीत आली. केवळ बातमी पुरविणाऱ्या आजच्या साधनांशी ताडून पाहण्याजोगी ही गोष्ट आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगावाचा काळ संपत आला. पुष्कळ कुटुंबे गावी परतली. योगायोग असा की, ज्या काळात मुंबईचे दार मिटत होते त्याच्या पुढेमागे आमच्याच दाराशी कारखाने येऊ लागले. भूगाव, भुकूम, पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली ह्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग, शीतपेये, गालिचे, रसायने अशा नानाविध वस्तूंचे कारखाने उभे राहिले. तालुक्याच्या उत्तरेस माण आणि हिंजवडीच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाचे उपनगरच वसविले. लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठे आली. जमिनी विकल्या गेल्या, घरे पक्की झाली, आणि मग लोकांस उमगले की, कारखाना गावात असणे आणि कारखान्यात गावचा माणूस असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

‘स्थानिकांना प्राधान्य’ हा शब्दप्रयोग सभांतून नित्य ऐकू येतो. राज्य सरकारच्या २००८ च्या धोरणानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय श्रेणीत ५० टक्के व इतर श्रेणींत ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावी, असे अपेक्षित आहे. परंतु तेथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला मनुष्य. लातूरचा तरुणही त्या अर्थी स्थानिक, गडचिरोलीचाही स्थानिक. आणि तेही आपलेच बांधव असल्यामुळे त्यात गैर काही नाही. मात्र आपल्या मुलांनी ‘आम्ही गाववाले’ एवढ्याच भांडवलावर विसंबू नये, हे ह्यातून कळावे.

आता प्रत्यक्ष आंतरजालाकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजाल सर्वसामान्यांस खुले झाले. तत्पूर्वी १९९४ साली अमेरिकेत जेफ टेलर ह्यांनी ‘मॉन्स्टर बोर्ड’ नावाचा नोकऱ्यांचा फलक संगणकावर मांडला होता. आपल्याकडे १९९७ साली संजीव बिखचंदानी ह्यांनी ‘नौकरी डॉट कॉम’ सुरू केले. त्यामागची हकीकत मनोरंजक आहे. एका कंपनीच्या कचेरीत नोकरी करीत असता त्यांनी पाहिले की, आपले सहकारी व्यापारविषयक नियतकालिक शेवटच्या पानांपासून उघडतात, कारण नोकरीच्या जाहिराती तेथे असतात. आणि सुखाच्या नोकरीत असलेलेही त्या वाचतात. आरंभी त्यांनी निरनिराळ्या वृत्तपत्रांतून वेचलेल्या सुमारे एक हजार जाहिराती त्या स्थळावर चढविल्या. म्हणजे नवे साधन जुन्या साधनाच्याच खांद्यावर उभे राहिले. २००३ साली ‘लिंक्डइन’ आले, त्यात तर मनुष्याची ओळखपाळखच लेखी मांडली जाते. एका परीने ही आपल्या गाववाल्यांच्या खोलीचीच जागतिक आवृत्ती होय!

सरकारनेही आपली जुनी वही संगणकावर घेतली. २० जुलै २०१५ रोजी ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे केंद्र सरकारचे स्थळ सुरू झाले. त्यावर नाव नोंदविण्यास एक पैसाही लागत नाही, आणि १५१४ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून माहिती विचारता येते. महाराष्ट्रात ‘महास्वयम्’ हे स्थळ आहे. पूर्वीची जिल्हा रोजगार कार्यालये आता ‘कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ ह्या लांबलचक नावाने त्याच्याशी जोडलेली आहेत. रोजगार मेळाव्यांच्या सूचना तेथे येतात. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची नोंदणीही त्यावरच झाली. सप्टेंबर २०१६ पासून मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले आणि पूर्वी पुण्याच्या रांगेत जी माहिती मिळे ती ताम्हिणीच्या वाटेवरच्या वाडीतही येऊ लागली. शंभर वर्षांत प्रथमच बातमीच्या वाटेवर जॉबर उभा नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या भागाच्या दृष्टीने मला सर्वांत उपयुक्त वाटणारे स्थळ मात्र ह्यांपैकी कोणतेच नाही. ते म्हणजे शिकाऊ उमेदवारांचे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील भरतीसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र स्थळ चालविले आहे, आणि २०१९ साली दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक ठरले. पिरंगुट पट्ट्यात ह्या मर्यादेत बसणारे कारखाने थोडे नाहीत. आयटीआय झालेल्या फिटर, टर्नर, वेल्डर वा इलेक्ट्रिशियन मुलाने मोठ्या कंपनीच्या कायम नोकरीची वाट पाहत दोन वर्षे दवडण्यापेक्षा ह्या वाटेने कारखान्याच्या आत पाऊल टाकावे. त्याला विद्यावेतन मिळते, यंत्रावर हात बसतो आणि वर्षअखेर प्रमाणपत्र हाती येते. कायम नोकरीची हमी त्यात नाही. परंतु फाटकाबाहेर उभे राहण्यात तरी ती कोठे आहे?

व्यवसाय कोणता निवडावा ह्याविषयीची माहिती हे ह्या साधनांचे दुसरे अंग होय, आणि आपल्या कुटुंबांत ते सर्वांत दुर्लक्षित आहे. अमेरिकेने १९३९ सालीच व्यवसायांचा एक कोश छापला होता, ज्यात प्रत्येक कामात काय करावे लागते ह्याचे वर्णन होते. त्याची जागा पुढे ‘ओनेट’ ह्या संगणकीय कोशाने घेतली, आणि तो आज कोणासही विनामूल्य पाहता येतो. आपल्या देशाच्या २०१५ च्या व्यवसाय वर्गीकरणात सुमारे ३,६०० व्यवसायांची वर्णने आहेत. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२० साली युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाकरिअर’ हे स्थळ उघडले. आमच्या घरांत मात्र दहावीच्या मुलापुढे डॉक्टर, इंजिनीयर, पोलीस भरती आणि ‘एमपीएससी’ ह्यांखेरीज पाचवे नाव क्वचितच घेतले जाते. ३,६०० पैकी चार! मुलीच्या बाबतीत तर दोनच, आणि पुढे स्थळ पाहू. बापजाद्यांचा व्यवसाय सुटला, पण नेमून दिलेल्या चार वाटांनीच जाण्याची सवय सुटली नाही, असे म्हणावेसे वाटते.

इतके गुण सांगितल्यावर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संकेतस्थळाने बातमी मोकळी केली, पण भरवसा मोकळा केला नाही. पिरंगुटातील कारखान्याची जाहिरात पिरंगुटच्या मुलास दिसते, त्याच क्षणी ती बीडच्या, नांदेडच्या आणि पाटण्याच्या मुलासही दिसते. एका जागेस शेकडो अर्ज आले की मालकास निवडीचा कंटाळा येतो, आणि तो पुन्हा ओळखीच्या माणसाकडे वळतो. तो ओळखीचा माणूस आता बहुधा कंत्राटदार असतो. जॉबर गेला असे आपण म्हणतो, तेव्हा कारखान्याच्या फाटकाशी सकाळी मोटार लावून उभ्या असलेल्या ह्या गृहस्थाकडे आपले लक्ष जात नाही. हलक्या कामाची, विशेषतः स्त्रियांच्या पॅकिंगच्या कामाची भरती आजही बव्हंशी तोंडी होते. ती कोणत्याही फलकावर येत नाही.

अर्जावरील नावाचाही प्रश्न आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तपत्रांतील खाजगी नोकरीच्या जाहिरातींस सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविण्यात आले होते. फरक केवळ नावांत होता. दलित आणि मुसलमान नावांच्या अर्जांस मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांच्या अर्जांहून लक्षणीय कमी आढळली. तो अभ्यास वृत्तपत्रांतील जाहिरातींचा होता. परंतु अर्ज टपालाने जावो वा तारेविना जावो, तो वाचणाऱ्याचे मन तेच असते. जातीच्या नावाने एकत्र आलेल्या आपण मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. कारण आपल्यापैकी काहीजण आता अर्ज वाचण्याच्या बाजूसही बसले आहेत.

आणि दस्तुरी? ती तर नव्या वेषात परतली आहे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, गणवेशाची अनामत, लॅपटॉपची अनामत अशी तिची नावे. मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह छापलेले नेमणूकपत्र मोबाइलवर येते, आणि मुलगा आनंदाच्या भरात पैसे पाठवितो. नोकरी देणारा पैसे मागत असेल तर ती नोकरी नव्हे, हे घरातील आजीबाईंनीदेखील पाठ करून ठेवावे. फसगत झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब कळवावे; जितका उशीर तितकी पैसे अडविण्याची आशा कमी. परदेशी नोकरीच्या बाबतीत धोका केवळ पैशाचा नाही. २०२२ पासून म्यानमार, कंबोडिया आणि लाओस येथे संगणकावरील कामाच्या आमिषाने नेलेले कित्येक भारतीय तरुण फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेल्याच्या घटना उघडकीस आल्या. परदेशी पाठविणाऱ्या दलालाची नोंदणी आहे किंवा नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ स्थळावर पाहता येते. तेथे त्याचे नाव नसेल तर बोलणेच थांबवावे.

जाहिरातीत पगार लिहिलेला असतो. कारखान्यास बाहेर पडण्याची दारे किती हे लिहिलेले नसते. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पिरंगुटापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर. त्या दिवसाची आठवण आपल्या गावांतून अद्याप पुसलेली नाही. म्हणून नोकरी पाहताना, आणि विशेषतः लेकीसुनांसाठी पाहताना, कोणी तरी आधी त्या जागी जाऊन यावे. तेथे काय बनते, माल कोठे साठवितात, दारे उघडी असतात की कुलूपबंद, भविष्य निर्वाह निधी कापतात काय, हे आत काम करणाऱ्या दोन बायांस विचारावे. ही चौकशी मोबाइलवर होत नाही. ती करण्यास गावात ओळख लागते, आणि ती मात्र आपणांपाशी भरपूर आहे. मंडळाच्या सभासदांपैकी जे ह्या पट्ट्यात नोकरीस आहेत त्यांनी आपापल्या कारखान्याविषयी इतके तरी सांगण्याची तयारी दाखविली, तर रिक्त जागांची यादी छापण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल असे माझे मत आहे.

शेवटी एक बारीकसारीक वाटणारी, परंतु अनेकांच्या अर्जांत आडवी येणारी बाब. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी येते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. माणूस हे वाचून समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही, ते दोन भिन्न व्यक्ती मानते आणि अर्ज अडतो. काही घरांत तर इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे आढळते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार आणि बँकेचे पुस्तक एका संध्याकाळी चटईवर मांडावे व नावे अक्षरशः ताडून पाहावी. आधारमधील चूक आधार केंद्रात दुरुस्त होते. नावबदलासाठी राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी देता येते, आणि त्याचा अर्ज आता आंतरजालावरूनच करता येतो. ही कामे जाहिरात निघण्यापूर्वी उरकून ठेवावी. भरतीची मुदत पुष्कळदा पंधरा-वीस दिवसांचीच असते, आणि राजपत्रास त्याहून अधिक काळ लागू शकतो.